लॅपटॉप तापतो? पंखा घेण्याआधी त्याची बैठक पाहा

घरात एखादी मोलाची वस्तू आली, की तिच्यावर पांघरूण घालण्याची आपली रीत आहे. रेडिओ आला तेव्हा त्याला कातडी पिशवी शिवून घेतली. टीव्ही आला तेव्हा त्यावर विणकामाचा रुमाल पडला. आता मुलामुलींच्या शिक्षणासाठी, सेवा केंद्राच्या कामासाठी किंवा दुधाच्या हिशेबासाठी पुष्कळ घरांत लॅपटॉप आला आहे. त्यालाही आपण तितक्याच जिव्हाळ्याने बाजेवर वाकळ अंथरून तिच्यावर ठेवतो आणि धूळ नको म्हणून अर्धे अंग कापडाने झाकतो. रेडिओला हे लाड सोसले. लॅपटॉपला ते सोसत नाहीत. तो तापतो, घरघर करतो, अडखळतो आणि एके दिवशी परीक्षेचा अर्ज भरता भरता आपोआप बंद पडतो.

मग कोणी तरी सांगतो, “कूलिंग पॅड घ्या.” कूलिंग पॅड म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायची, पंखे बसवलेली चौकट. वस्तू चांगली आहे. पण ती केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा नुसती भुणभुण करत बसते, हे समजून घेतल्याशिवाय पैसे टाकू नयेत.

पैशाचेच बोलायचे, तर सोनपेठ तालुक्यातल्या कापूसवाल्याला हिशेब सोपा आहे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे ३७-३८ हजारांचा साधा लॅपटॉप हा पाच क्विंटल कापूस झाला. तोही वेचणी, फवारणी, वाहतूक हे सगळे अंगावर घेऊन विकलेला. एवढ्या मोलाची वस्तू निव्वळ ठेवण्याच्या चुकीने दोन उन्हाळ्यांत खराब व्हावी, हे कोणत्या घराला परवडेल?

उष्णता येते कुठून आणि जाते कुठे

लॅपटॉप जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. साधे लिहिण्या-वाचण्याचे काम असेल तर पंधरा-वीस वॅट, जड काम असेल तर चाळीस वॅट किंवा त्याहून अधिक. चाळीस वॅट म्हणजे किती? पूर्वीचा काचेचा पिवळा बल्ब आठवा. तो पेटलेला असताना हाताने धरवत नसे. कोंबडीच्या पिलांना थंडीत ऊब द्यायला आपण असलेच बल्ब लावत आलो आहोत. तसा एक बल्ब बोटभर जाडीच्या डब्यात कोंडला आहे असे समजा. आता तो डबा वाकळेत रुतवून ठेवला, म्हणजे डालग्याखाली बल्ब लावून वरून गोणपाट टाकल्यासारखे झाले.

ही उष्णता बाहेर नेण्यासाठी आत छान व्यवस्था केलेली असते. मुख्य चिपवर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते व तिच्यात थोडेसे द्रव असते. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि पुन्हा द्रव होऊन परत येते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटते ना, तोच प्रकार. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी सिद्ध केली. पुढे ती अंतराळयानांत वापरली गेली आणि आज ती आपल्या ओसरीवर आली आहे. नळीच्या थंड टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते. छोटा पंखा बहुधा लॅपटॉपच्या पोटाखालच्या फटींतून हवा ओढतो आणि त्या जाळीतून बाजूने किंवा मागच्या बिजागरीजवळून बाहेर टाकतो.

यात दोनच गोष्टी बिघडू शकतात. एक, पोटाखालून हवा येईनाशी होते. दुसरी, ती जाळी तुंबते. कूलिंग पॅडचा उपाय फक्त पहिल्या दुखण्यावर आहे, हे नीट ध्यानात ठेवावे.

चिप फारच तापली, म्हणजे बहुतेक चिपांच्या बाबतीत शंभर अंशांच्या आसपास आली, की स्वतःला वाचवण्यासाठी ती आपला वेग कमी करते. म्हणून उन्हाळ्यात लॅपटॉप “म्हातारा झाला” असे वाटते. तो म्हातारा झालेला नसतो, गुदमरलेला असतो. त्याहूनही तापला तर बंद पडतो. चिप अशी स्वतःची काळजी घेते. बॅटरीला मात्र तेवढे साधत नाही. तिच्याकडे पुढे येतोच.

आधी बिनपैशाचा उपाय

पॅड विकत घेण्याआधी घरातला लाकडी पाट घ्या. त्यावर लॅपटॉप ठेवा आणि त्याच्या मागच्या दोन पायांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणे सरकवा. मागची बाजू बोटभर उचलली गेली की पोटाखाली हवेला वाट झाली. झाकणे फटींवर येणार नाहीत एवढे पाहावे. आता रोजचे काम अर्धा तास करा आणि पंख्याचा आवाज ऐका. घरघर उतरली, तळव्यांना लागणारी धग कमी झाली, तर तुमचे काम दोन झाकणांवर भागले. पुष्कळ घरांत ते इथेच भागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदाराला ते आवडणार नाही.

बाज, वाकळ, गादी, उशी आणि मांडी या पाचही जागा वर्ज्य समजाव्यात. नावात लॅप म्हणजे मांडी आहे खरी, पण तापलेले यंत्र रोज तासन्तास मांडीवर ठेवणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उठतात. शेकोटीला रोज खेटून बसणाऱ्यांच्या पायांवर उठतात तेच हे. डॉक्टर मंडळींना ते ओळखीचे आहेत.

कधी कधी दोष हवेचा नसून कामाचा असतो. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस खिडक्या उघड्या, मागे एखादा कार्यक्रम अपडेट होतो आहे, शेजारी व्हिडिओ चालू आहे. एवढे सगळे एका बैलाकडून ओढून घ्यायचे आणि त्याला घाम फुटला म्हणून पंख्याने वारा घालायचा, यात अर्थ नाही. नको त्या खिडक्या बंद कराव्यात.

परभणीचे ऊन आणि पत्र्याचे घर

आता आपल्या मुलखाची गोष्ट. लॅपटॉपबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात बहुतेक कंपन्या सुमारे पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत यंत्र वापरावे असे लिहितात. परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो, ही काही नवलाची गोष्ट नाही. वर्तमानपत्रांत येणारा परभणीचा आकडा सावलीतला, मोकळ्या वाऱ्यातला असतो. तुमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तीन वाजता त्याहून अधिक धग असते. जुन्या माळवदाच्या घरात तीच दुपार कितीतरी सोसण्यासारखी जाते. तेव्हा घरात एखादी माळवदाची खोली उरली असेल तर लॅपटॉपची जागा तिथेच करावी. माती गळत असेल तर वर मेणकापड बांधावे.

येथे कूलिंग पॅडची मर्यादा उघडी पडते. पॅडचा पंखा हवा थंड करत नाही; आहे तीच हवा जोराने देतो. खोलीत बेचाळीस अंशांची हवा असेल, तर लॅपटॉपच्या पोटाला बेचाळीस अंशांचीच हवा मिळणार. पंख्याखाली बसून आपल्याला गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. लॅपटॉपला घाम येत नाही. चांगला पॅड, योग्य जागी बसला तर, आतले तापमान काही अंशांनी उतरवतो. तेवढ्याने घरघर थांबते, वेगही परत येतो. पण वैशाखाच्या दुपारची पहाट तो करू शकत नाही. जड काम सकाळी दहाच्या आत किंवा रात्री नऊनंतर करणे हा त्याहून मोठा उपाय आहे. शेतकऱ्याला हे शिकवायला नको. आपण बैलही दुपारी सोडतोच.

“मग घरातला पाण्याचा कूलर?” असे तुम्ही विचाराल. कूलर खोलीतली हवाच गार करतो, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात तो लॅपटॉपला पॅडपेक्षाही अधिक उपकारक ठरतो. मात्र कूलरच्या तोंडासमोर लॅपटॉप ठेवू नये. पाण्याचे बारीक थेंब उडतात आणि ते आत गेले की सगळेच संपले. कूलर एका भिंतीला, लॅपटॉप आडबाजूला आणि खिडकी उघडी, अशी मांडणी करावी. खिडकी बंद ठेवली तर दमटपणा वाढतो व गारवाही मिळत नाही.

काही जण ओले फडके घडी करून लॅपटॉपखाली ठेवतात. कोणी बर्फाची पिशवी ठेवतो, कोणी तापलेला लॅपटॉप थेट फ्रिजमध्ये सारतो. यांतले काहीही करू नये. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर बाहेरून जसे पाणी सुटते, तसेच ते लॅपटॉपच्या आत, पट्ट्यांवर सुटते.

कापूस घरात, तंतू लॅपटॉपात

दुसरे दुखणे तुंबलेल्या जाळीचे. सोनपेठच्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती कुठेही शिरते. पण तिच्याहून वाईट म्हणजे कापसाचे तंतू. भाव चढेल या आशेने आपण कापूस घरात भरून ठेवतो. शेळगाव असो की डिघोळ, थंडीत कितीतरी घरांची एक खोली कापसाने भरलेली दिसेल. त्याच खोलीच्या कोपऱ्यात मुलगी लॅपटॉप घेऊन अभ्यासाला बसते, कारण तिथे ऊब असते आणि गडबड नसते. हवेतले तंतू पंखा ओढून घेतो. ते पत्र्यांच्या जाळीवर बसतात, त्यांवर धूळ बसते आणि एक-दोन हंगामांत तिथे नमद्यासारखा थर तयार होतो. मग बाहेरून कितीही पंखे लावा, हवा पलीकडे जाणारच नाही. धान्य उफणताना वारा पडला तर पाटीभर धान्य हातात घेऊन नुसते उभे राहावे लागते, तशी पॅडची गत होते. उलट पॅडचा पंखा खालची धूळ अधिक जोराने आत घालतो.

म्हणून दोन-तीन वर्षे वापरलेला लॅपटॉप तापत असेल, तर आधी तो साफ करून घ्यावा. बाहेरची जाळी घरी साफ करता येते. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, उलटा ठेवावा आणि रंगकामाच्या कोऱ्या, मऊ, कोरड्या ब्रशाने फटी हलक्या झाडाव्यात. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा अंश आत जातो. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या नळीखाली तर मुळीच धरू नये. त्या हवेत पाणी आणि तेल असते, जोर फार असतो, आणि आतला इवलासा पंखा त्या झोताने गरागरा फिरून खराब होतो. आतली सफाई जाणत्या कारागिराकडूनच करावी. झाकण उघडलेलेच असेल तेव्हा चिप आणि तांब्याची नळी यांच्यामधला लेप वाळला आहे का, हे त्याला पाहायला सांगावे. काही वर्षांत तो लेप वाळतो आणि उष्णता नळीपर्यंत पोहोचत नाही. हमीची मुदत चालू असेल तर मात्र कंपनीच्या केंद्राशिवाय इतरत्र उघडू देऊ नये, मग परभणीची किंवा नांदेडची एक खेप झाली तरी चालेल.

पॅड घ्यायचाच तर

पाट झाला, सफाई झाली, नको ती कामे बंद केली, तरीही यंत्र तापते आहे. किंवा सेवा केंद्रात दिवसभर अर्ज भरण्याचे, फोटो-व्हिडिओचे जड काम आहे. तर पॅड जरूर घ्यावा. बाजारात तो पाचशे रुपयांच्या आसपासपासून दोन-अडीच हजारांपर्यंत मिळतो.

खरेदीला निघण्याआधी एक कागदाची परीक्षा घरी करा. वहीच्या पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी फाडा. लॅपटॉप चालू असताना, पंखा घरघरत असताना, ती त्याच्या कडेच्या व पोटाखालच्या फटींजवळ धरा. जिथे पट्टी ओढली जाते ते हवेचे आत येण्याचे तोंड. जिथे उडते ते बाहेर जाण्याचे. आत येण्याचे तोंड पोटाखाली असेल तर पॅडचा उपयोग होईल. ते कडेला किंवा कळफलकाजवळ असेल तर फारसा होणार नाही. काही लॅपटॉपना तर आत पंखाच नसतो आणि पोटाला फटीही नसतात. त्यांना पाट आणि झाकणे पुरेत.

आता दुकानात लॅपटॉप सोबत न्या आणि पॅडवर ठेवून पाहा. “पाच पंख्यांचा आहे, सहा पंख्यांचा आहे” या बोलण्याला भुलू नये. तुमच्या लॅपटॉपचे तोंड जिथे आहे, नेमका त्याच्याखाली येणारा एक मोठा पंखा, भलतीकडे फिरणाऱ्या पाच छोट्या पंख्यांपेक्षा बरा. मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा देतो आणि त्याचा आवाजही कमी असतो. छोटा पंखा वेगाने फिरतो व माशीसारखा गुणगुणतो. तीच कागदाची पट्टी पॅडवरही धरा. हवा वर आली पाहिजे. क्वचित एखादा पॅड हवा खाली ओढणारा असतो. पोटातून श्वास घेणाऱ्या लॅपटॉपला तो उलटाच पडतो.

वरची जाळी लोखंडी व मोकळ्या विणीची असावी. पुढे लॅपटॉप अडवणारी पट्टी असावी, नाही तर उतारावरून दोन किलोचे यंत्र सरकून खाली येते. उंची कमी-जास्त करता येत असेल तर मानेलाही सुख लागते. पंखा काढून धुता-पुसता येईल असा पॅड आपल्या धुळीच्या मुलखात अधिक टिकतो.

आणि निळे-तांबडे दिवे? ते टाळावेत. दिव्यांनी हवा गार होत नाही. शिवाय आपण कपाशीत प्रकाश सापळा कशासाठी लावतो? पावसाळ्याच्या रात्री ओसरीवर निळा दिवा लावून खाली पंखा फिरवला, तर गावातली पाखरे त्या पंख्यातून लॅपटॉपच्या पोटात जातील. दिवा बंद करण्याचे वेगळे बटण असेल तरच असा पॅड घ्यावा.

वीज गेली म्हणजे

साधा पॅड लॅपटॉपच्याच यूएसबी खोबणीतून वीज घेतो. पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट धरा. वीज असताना हे काहीच नाही. पण वीज गेली की तो भार बॅटरीवर येतो. ४५ वॅट-तासांची बॅटरी पंधरा वॅटच्या कामाला तीन तास पुरते; त्यात पंख्याचे अडीच वॅट मिळवले की ती साधारण पंचवीस मिनिटे आधी संपते. ज्या मुलाची ऑनलाइन परीक्षा चालू आहे त्याला ही पंचवीस मिनिटे फार मोलाची. म्हणून पाच व्होल्टच्या पॅडची तार मोबाइलच्या चार्जरला किंवा पॉवर बँकेला लावावी. दोन्हींतून तेवढीच वीज मिळते. मोठ्या पॅडसोबत स्वतःचा वेगळा अडॅप्टर येतो, तो त्याच्याचसाठी ठेवावा. वीज गेलीच, आणि काम हलके असेल, तर पॅडचा पंखा बंद करून नुसती त्याची उतरती बैठक वापरावी.

बॅटरी फुगली तर

वर बॅटरीचा विषय राखून ठेवला होता. हिलाच उष्णता सर्वांत जास्त मारते. पूर्ण भरलेली बॅटरी आणि तापलेले यंत्र ही जोडी दिवसेंदिवस चालू राहिली, की बॅटरीची ताकद लवकर घटते. पुष्कळ लॅपटॉपांत बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी ती सुरू करून घ्यावी. सुटीत महिना-दोन महिने लॅपटॉप ठेवून द्यायचा असेल तर बॅटरी अर्धी भरून, गार कोनाड्यात ठेवावा. पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात किंवा उन्हात उभ्या गाडीत नव्हे.

कळफलकाखालची बोट फिरवायची पाटी वर उचललेली दिसली, लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर बॅटरी फुगली असे समजावे. त्या क्षणी चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि पुन्हा चालू करू नये. पॅडने ती उतरत नाही. दाबू नये, टोचू नये, “हवा काढून पाहू” म्हणून सुई तर लावूच नये, पेट घेते. लेकरांच्या हातून दूर, कापसाच्या व कडब्याच्या खोलीपासून दूर ठेवून ती दुरुस्तीच्या दुकानी न्यावी व तिथेच द्यावी. उकिरड्यावर टाकलेली बॅटरी गुराच्या तोंडी लागते किंवा पाचटाबरोबर जळते.

पॅडचीही निगा असते. महिन्यातून एकदा त्याचे पंखे कोरड्या ब्रशाने झाडावेत, कापसाच्या दिवसांत पंधरवड्याला. अवजारे धुऊन पुजण्याची खंडेनवमी नेमकी वेचणीच्या तोंडावर येते. लॅपटॉप आणि पॅड यांची वर्षाची सफाई त्याच दिवशी उरकावी. घरच्या माउलीने हळद-कुंकू लावायचे तर ते मिटलेल्या झाकणावर एका कोपऱ्याला लावावे, फटींच्या बाजूला लावू नये. ती पूड पंखा आत ओढतो.